पिवळ्या खोलीतल्या मंजुळाबाई

खडोलीच्या त्या कारखान्यात सुरेश गायधनींच्या हाताखाली दीडशे माणसं होती, आणि त्यांतल्या अकरा बायका कागदोपत्री तिथे नव्हत्याच. फाटकातून त्या रोज आत यायच्या, कारखान्याचे पांढरे डगले चढवायच्या, कारखान्याच्या काचा दिवसभर हाताळायच्या. पण कुणी विचारलंच तर त्या झुंबर ठेकेदाराच्या. हा झुंबर महिन्यातून एकदा मोटारसायकलवर यायचा, पगाराची पाकिटं वाटायचा आणि धूळ उडवत निघून जायचा. आपल्या बाया तिथे नेमकं काय बनवतात, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

बनत होत्या काचेच्या पाट्या. वीतभर चौकोनी काच, तिच्यावर क्रोमचा पातळ थर आणि त्या थरात केसाहून बारीक रेघांची नक्षी. ही पाटी मधे धरून प्रकाश पाडला, की खालच्या सिलिकॉनच्या चकतीवर तीच नक्षी उमटते आणि पुढे त्यातून चिप तयार होते. फोटो छापायला निगेटिव्ह लागते, तशी ही चिपची निगेटिव्ह. कृती मात्र आपली नव्हती. ती युरोपातल्या एका कंपनीकडून परवान्यावर घेतलेली. कर माफ होता म्हणून मालकांनी, म्हणजे शेठनी, सिल्वासाजवळ जागा घेतली, यंत्रं आणली, परवाना आणला, आणि परवान्याबरोबर एक जाडजूड ग्रंथ आला. त्याला सगळे नुसतं ‘पुस्तक’ म्हणत. पुस्तकात लिहिलंय तसंच करायचं. एक पायरी जरी आपल्या मनाने बदलली तरी परवाना रद्द. नाशिकहून इंजिनिअर होऊन आलेल्या सुरेशनी ते पुस्तक इतकं पाठ केलं होतं, की त्यांची बायको सुवर्णा म्हणायची, आमच्या घरात पोथी एकच आणि तीही इंग्रजीत.

मंजुळाबाई १९८८च्या दिवाळीनंतर, कारखाना नुकताच सुरू झाला तेव्हा आल्या. मूळ गाव चोपडा तालुक्यात. नवरा नथू सामरवरणीला धाग्याच्या कारखान्यात वॉचमन होता, तिथेच एका चाळीत खोली. शिक्षण तिसरीपर्यंत. झुंबरने त्यांना झाडलोटीला म्हणून पाठवलं होतं. पण महिनाभरात सुरेशच्या लक्षात आलं, की या बाईच्या हातून काहीच पडत नाही, सांडत नाही, आणि समोरच्याचं काम बघून ती ते मनातल्या मनात करत असते. त्यांनी तिला पिवळ्या खोलीत घेतलं. काचेवर जो लेप द्यायचा तो साध्या उजेडात बिघडतो, म्हणून त्या खोलीत सगळे दिवे पिवळे. तिथे आठ तास काम करून बाहेर आलं, की जग निळंजांभळं दिसतं. नव्या बायका पहिल्या दिवशी घाबरून जात. मंजुळाबाई म्हणाल्या, “बरं हाये की. फुकटात वेगळं जग दिसतं.”

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्याने मात्र सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं. पुस्तकाप्रमाणे काच भट्टीत तापवायची, बाहेर काढून अर्धा तास थंड करायची आणि मग लेप द्यायचा. उन्हाळाभर हे छान चाललं. जुलैत लेप सुटायला लागला. कडेने बारीक पापुद्रे निघायचे आणि त्यांच्याबरोबर रेघा वाहून जायच्या. शंभरातल्या साठ पाट्या फेकाव्या लागल्या. सुरेशनी पुस्तक तीनदा वाचलं. युरोपला तार केली. उत्तर आलं, पुस्तक नीट वाचा.

एक दिवस ते अचानक पिवळ्या खोलीत शिरले, तर बघतात काय! मंजुळाबाईंनी हातमोजा मनगटाखाली दुमडलाय, भट्टीतून काढलेली काच चिमट्यात धरून तिची मागची बाजू त्या मनगटाजवळ नेतायत, थोडं थांबतायत, पुन्हा नेतायत, आणि मग ती गरम काच सरळ लेपाच्या यंत्रावर ठेवतायत. अर्धा तास नाही की पाव तास नाही. बाकीच्या दहाजणीही तेच करत होत्या. सुरेशच्या मस्तकात तिडीक गेली.

“हे कुणी सांगितलं तुम्हाला? पुस्तकात काय लिहिलंय?”

“पुस्तकवाल्यांच्या गावाले असा पाऊस नसंन साहेब,” मंजुळाबाई खाली बघून म्हणाल्या. “अर्धा तास ठेवली का काच हवेतली वल पिते. डोयाले दिसत नही, पन पिते. लेकराच्या अंघोयीचं पानी कसं पाहतो आपन, तितकी कोमट असतांनाच लेप लावला तं धरतो. आठ दिस झाले, आमी सगया पाहून ऱ्हायलो. आधी जी ती आपापल्या अदमासानं करे. जयाची काच लय गरम ऱ्हाये, सोनीची लय गार. मंग अकराजनींनी एकमेकींचं मनगट धरून-धरून अदमास जमवला.”

सुरेशनी रागारागाने त्या दिवशीच्या पाट्या सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. पहिली बघितली, दुसरी बघितली, विसावी बघितली. एकीवरही पापुद्रा नव्हता. त्यांनी त्या आठवड्याच्या सगळ्या पाट्या, कुणाच्या किती टिकल्या आणि किती गेल्या, अकराजणींच्या नावांनिशी वहीत उतरवल्या. चूक सापडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटत होतं, हे इथे सांगायलाच हवं.

मग त्यांनी पुस्तकावर श्रद्धा असलेला माणूस करील तेच केलं. कोमट काचेची रीत चालू ठेवली, आणि रोजच्या नोंदवहीत मात्र लिहिलं, ‘काच अर्धा तास थंड केली.’ पहिल्या दिवशी लिहिताना हात अडखळला, दुसऱ्या दिवशी नाही. असं त्यांनी आठ वर्षं लिहिलं.

या आठ वर्षांत जग भलतीकडेच पोचलं. चिपवरच्या रेघा बारीक होत गेल्या, आणि आता आणखी बारीक रेघांसाठी नवा प्रकाश हवा, नवी यंत्रं हवीत, यावरून मोठमोठ्या देशांत चढाओढ लागली. कुणी शोध लावायचा, परवाना कुणाला द्यायचा आणि कुणाला दाराबाहेर उभं ठेवायचं, याचंच राजकारण. सुरेश ते सगळं मासिकांतून चवीने वाचत. त्याच वाऱ्याची एक झुळूक १९९७च्या पावसाळ्यात खडोलीला आली. युरोपच्या कंपनीने बारीक रेघांची नवी कृती तयार केली होती आणि भारतात ती एकाच कारखान्याला द्यायची होती. दावेदार दोघे. एक खडोली, दुसरा दक्षिणेतला एक कारखाना. आपल्यापेक्षा मोठा, आपल्यापेक्षा देखणा.

तपासणीला आलेल्या परदेशी इंजिनिअरांनी आकडे बघितले आणि ते चक्रावले. भर पावसाळ्यात खडोलीच्या पाट्या त्यांच्या स्वतःच्या कारखान्यापेक्षा चांगल्या निघत होत्या. पुस्तकाप्रमाणे हे शक्यच नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. शेवटी सुरेशनी त्यांना पिवळ्या खोलीत नेलं आणि मंजुळाबाईंचं मनगट दाखवलं.

आता परवाना जाणार, असं धरून सुरेश दोन दिवस जेवले नाहीत. झालं उलटंच. करारात एक कलम होतं: परवाना घेणाऱ्याच्या कर्मचाऱ्याने कृतीत काही सुधारणा केली, तर ती सुधारणा मूळ कंपनीच्या मालकीची. कंपनीने कळवलं, ती कोमट काचेची रीत आम्हाला रीतसर लिहून द्या, मागचं सगळं माफ, आणि नवी कृती तुम्हाला. सोबत फॉर्म आला. सुधारणा कुणी केली त्याचं नाव, सही, हुद्दा आणि कर्मचारी क्रमांक.

“सुरेशभाई, तुमचंच नाव टाकून द्या ने,” शेठ मुंबईहून फोनवर म्हणाले. “बाईचं नाव टाकून काय करायचंय? अने जेचं नाव असेल तेला ते लोक तीन महिने युरोपला बोलावणार, नवी कृती शिकायला.”

आता सुरेश काही संत नव्हते. फोन ठेवल्यावर त्यांनी फॉर्मवर पेन टेकवलं. आपलं नाव परदेशातल्या कागदावर छापून आलंय, अनिकेत आणि मधुरा ही आपली मुलं शाळेत ते सांगतायत, इथपर्यंत त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. ‘सु’ लिहिलासुद्धा. मग त्यांना ती वीस पाट्यांची दुपार आठवली आणि त्यांनी तो ‘सु’ खोडला. मला हा माणूस एरवी फारसा आवडत नाही, पण या खोडण्याबद्दल त्याचे सगळे अपराध पोटात घालायला मी तयार आहे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मंजुळाबाईंना कॅन्टीनच्या पत्र्याखाली बसवलं आणि सगळं समजावलं. फॉर्म त्यांच्यापुढे ठेवून म्हणाले, “इथे सही करा. नाव तुमचं लागेल.”

“काय लिव्हलंय ते मराठीत वाचा साहेब.”

सुरेशनी थोडक्यात सांगितलं.

“थोडक्यात नको. सगळं वाचा.”

त्यांनी सगळं वाचलं. मंजुळाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडता-मोडता ऐकलं. मग म्हणाल्या, “ते कर्मचाऱ्याचं पुन्हा वाचा.”

“परवाना घेणाऱ्या कंपनीच्या कर्मचाऱ्याने केलेली सुधारणा...”

“मंग ते मले लागू नही. मी कुठं कंपनीची हाये?”

सुरेशनी कागद खाली ठेवला.

“मागच्या साली सरकारी लेबर साहेब आला होता,” मंजुळाबाई शांतपणे म्हणाल्या. “त्यानं इचारलं, ह्या बाया कोनाच्या? तुमीच म्हनले, आमच्या नही, ठेकेदाराच्या. मी मांगंच उभी होती. तुमी म्हनले ते मी खरं धरून चालते साहेब. मंग हे मनगटाचं कंपनीचं कसं होईन? ते माहं हाये. आमचं अकराजनींचं.”

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. सुरेशना मात्र त्या पत्र्याखाली जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी आत जाऊन मुंबईला नलिनी कर्णिकांना फोन लावला. या बाई शेठच्या वकील, तोलून बोलणाऱ्या. त्यांनी दोनदा तपशील विचारला आणि मग त्या चक्क हसल्या.

“तुमच्या मंजुळाबाई बरोबर आहेत,” त्या म्हणाल्या. “ज्या दिवशी ही रीत निघाली त्या दिवशी त्या कंपनीच्या कर्मचारी नसतील, तर रीत कराराच्या बाहेर. तुम्ही ती देऊच शकत नाही. आणि खोटं नाव टाकलंत तर खाली शपथ आहे, परवाना तर जाईलच आणि खटलाही होईल. पंधरा तारखेच्या आत फॉर्म गेला नाही, तर नवी कृती दक्षिणेला.”

सुरेश परत पत्र्याखाली आले. “मंजुळाबाई, तुम्हाला काय हवंय?”

त्यांना वाटलं, बाई पैसे मागेल. मागितले असते तर शेठनी दिलेही असते. मंजुळाबाईंनी डबा बंद केला, हात धुतले.

“सोनीले सातवा चालू हाये,” त्या म्हणाल्या. “पंधरा दिसाच्या वर खाडा झाला का झुंबर नाव काटतो. तुमाले जयाचं ठाऊक हाये ना?”

सुरेशना ठाऊक होतं. दोन वर्षांमागे जया बाळंत झाली आणि चौदाव्या दिवशी कामावर हजर झाली, नाव जाऊ नये म्हणून. पिवळ्या खोलीत काच धरून उभी असताना तिच्या डगल्यावर पुढून दूध झिरपायला लागलं. काचेवर थेंब पडू नये म्हणून ती मागे मागे सरकत होती आणि काच मात्र सोडत नव्हती. मंजुळाबाईंनी तिच्या हातातली काच काढून घेतली आणि आपला डगला तिच्यावर घातला. सुरेश तेव्हा दारात होते. ते तोंड फिरवून निघून गेले होते. करणार काय, बाई त्यांची नव्हती ना!

“आमाले कंपनीचं करा,” मंजुळाबाई म्हणाल्या. “मले एकटीले नही. फारमात अकरा नावं लिव्हा. मनगटं अकराजनींची होती, हे काही मी लबाड नही सांगत. तुमच्याच वहीत त्या आठवड्याच्या अकराजनींच्या काचा वेगळ्या-वेगळ्या लिव्हल्या हायेत. आनि सोनी बायंतपनाले जाईन त्याच्या आधी करा.”

“आणि शेठ नाही म्हणाले तर? कारखान्यालाच नवं काम मिळालं नाही, तर तुमचंही काम जाईल.”

“जाईन,” त्या म्हणाल्या. “मले भेव नही असं नही साहेब. नथूचं काम सहा महिने झाले बंद हाये. पन सोनीले मी शब्द देल्ला.”

शेठ दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन स्वतःच आले. आले तेच तणतणत. बायकांनी डोक्यावर बसायचं ठरवलंय, सुरेशभाईंनी त्यांना चढवलंय, उद्यापासून सगळ्यांना बंद करतो, दुसऱ्या अकरा आणतो. सुरेश शेठसमोर कधी उलट बोलत नसत. त्या दिवशी मात्र त्यांनी नोंदवही उघडून पुढे ठेवली आणि आठ वर्षं आपण खोटं लिहीत आलो हे शेठना पहिल्यांदा सांगून टाकलं. वहीत त्या एका आठवड्याचं पान खरं होतं: अकरा नावं, अकराजणींच्या पाट्या, किती टिकल्या, किती गेल्या.

“दुसऱ्या अकरा आणू शकता तुम्ही,” ते म्हणाले. “पण फॉर्म या अकरांचाच लागणार. आणि युरोपचे लोक येऊन विचारतील तेव्हा मी हेच पान दाखवणार.”

शेठ धंदेवाईक होते, मूर्ख नव्हते. त्यांनी तिथूनच नलिनी कर्णिकांना फोन केला. “ठीक आहे, आजपासून घेतो कामावर,” ते म्हणाले. पलीकडून वकीलबाई काय म्हणाल्या ते सुरेशना ऐकू आलं नाही, पण शेठचा चेहरा बघून समजलं. आजपासून घेऊन भागणार नव्हतं. सुधारणा १९८९च्या जुलैतली; बायका त्या दिवशी कर्मचारी असायला हव्यात. म्हणजे सेवा धरायची ती जुलै १९८९पासून. आठ वर्षांची नोकरी, ज्येष्ठता, फंड, सगळं मागून आपसूक आलं. हे मंजुळाबाईंनी मागितलंच नव्हतं, ते परदेशी कलमानेच देऊन टाकलं. शेठनी फोन ठेवला आणि अकरा नेमणूकपत्रं तयार करायला सांगितली.

चौदा तारखेला पिवळ्या खोलीबाहेर टेबल मांडलं. आधी नेमणुकीची पत्रं, मग फॉर्म, हा क्रम मंजुळाबाईंनी ठरवला. पत्र हातात पडल्यावर प्रत्येकीचा क्रमांक त्यांनी सुरेशकडून मोठ्याने वाचून घेतला. सोनी सर्वांत शेवटी, कमरेवर हात ठेवून आली. मंजुळाबाईंनी सही करण्याआधी एवढंच विचारलं, “म्हनजे आता हे त्यायचं झालं?”

“हो. आपण करू शकतो, पण मालकी त्यांची. दक्षिणेच्या कारखान्यालाही ते सांगतील.”

“सांगू दे. त्यायच्याबी काचा पावसात वाया जात असतीन.” आणि त्यांनी एकेक अक्षर सावकाश काढत सही केली.

नवी कृती खडोलीला मिळाली. अकरा नावं बघून युरोपचं बोलावणं कुणालाच आलं नाही; सहा आठवड्यांत नवं पुस्तक तेवढं आलं. त्यात चौदावी पायरी होती: काच शरीराच्या तापमानाइतकी कोमट असताना लेप द्यावा. नाव कुणाचंच नव्हतं. सुरेशना इतका संताप आला की त्यांनी पुस्तक टेबलावर आपटलं आणि मंजुळाबाईंना बोलावून दाखवलं. मंजुळाबाईंनी ती ओळ मराठीत ऐकली. “बरोबर लिव्हलंय,” त्या म्हणाल्या, आणि कामाला गेल्या. या बाईला अभिमान कसा तो नव्हताच, की होता आणि तो कुठे ठेवायचा हे तिला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, ते मला अजून उलगडलेलं नाही. मी मात्र तिच्या जागी असतो तर त्या पुस्तकाची पानं फाडली असती.

ऑक्टोबरात सोनी चोपड्याला माहेरी गेली. मुलगा झाल्याचा निरोप आला. ती रजेवर गेल्यापासून बरोबर सोळाव्या दिवशी सकाळी मंजुळाबाई पाळीच्या आधी सुरेशच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. मागे जया होती.

“सोनीच्या नावापुढं काय लिव्हलं ते दाखवा साहेब.”

सुरेशनी कंपनीचं हजेरीपुस्तक त्यांच्याकडे वळवलं. मंजुळाबाईंनी सोनीच्या नावावर बोट ठेवलं आणि एकेक चौकोन पुढे नेलं. पंधरावा चौकोन आला, सोळावा आला. नाव काटलेलं नव्हतं.

“हे काय अक्षर हाये?”

“रजा. पगारी.”

“कधीलोक?”

“बारा आठवडे.”

जया पुढे आली. तिने वाकून त्या ओळीकडे बघितलं. वाचता तिलाही फारसं येत नव्हतं, तरी ती बराच वेळ बघत राहिली.

“बारा आठवडे,” ती म्हणाली. “तवर तं लेकरू हसाले लागतं.”

सुरेशना मान वर करता आली नाही. मंजुळाबाईंनी जयाच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला घेऊन त्या आत गेल्या.